गाडगेबाबांच्या कीर्तनात लोक एवढे हसायचे, ते हसू कुठे गेलं?

पेढीकाठ :

मंडळी, हा धागा गाडगेबाबांच्या विनोदावर आहे. स्वच्छतेवर दर वर्षी भरपूर लिहिलं जातं आणि ते लिहिलं जायलाच पाहिजे. पण बाबांचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेला, अमरावतीच्या विद्यापीठाला नाव दिलं गेलं, ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावानं सुरू झालं, आणि या सगळ्या मानपानात बाबांचा चेहरा एकदम गंभीर होऊन बसला. आमच्याकडे दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात ज्या म्हाताऱ्या माणसांनी बाबांना प्रत्यक्ष ऐकलं होतं त्यांना विचारलं ना, की बाबा कसे होते, तर पहिलं वाक्य ठरलेलं, "लय हसवे गा!" खराटा नंतर यायचा.

मला तर वाटतं बाबांनी जे काही करून दाखवलं ते या हसवण्याच्या जोरावर. सावकाराचं कर्ज, दारू, नवस, देवाला बोकड, शिवाशीव, एवढ्या सगळ्यावर अंगावर चिंध्या घातलेला एक माणूस भर सभेत कोरडे ओढतो आणि ज्यांच्यावर ओढतो तेच लोक जागचे हलत नाहीत, पुढच्या वर्षी परत बोलावतात, हे नुसत्या उपदेशानं होत नसतं.

त्यांची पद्धत बघा. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, पेटी-तबला असला तर असला. "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" सगळ्यांकडून म्हणून घ्यायचं, टाळ्या वाजवून घ्यायच्या, आणि मग सरळ प्रश्न. वऱ्हाडी बोलीत, समोरच्या माणसाला बाप म्हणून. ती देवांच्या हिशोबाची प्रश्नोत्तरं तर इतक्या जणांनी सांगितलीयत की आता तोंडपाठ झालीयत. देव किती हायेत? लोक एका सुरात म्हणणार, एक! तुमच्या गावात खंडोबा हाय का? हाय! भैरोबा? हाय! मरीमाय? हाय! म्हसोबा? हाय! मंग किती झाले? आणि इथे मंडपात हशा. तो हशा कसला असतो बघा, बाबांनी एकही शब्द स्वतःचा घातलेला नाही, सगळी उत्तरं लोकांनीच दिली आणि लोकच आपल्याच उत्तरात सापडले.

दिव्याचंही तसंच. देवाला आंघोळ कोण घालतं? आम्ही. धोतर कोण नेसवतं? आम्ही. अंधारात देव दिसतो का? नाही. मग कशानं दिसतो? दिव्यानं. मग मोठा कोण, देव का दिवा? लोक ओरडणार, दिवा!! आणि ओरडून झाल्यावर लक्षात येणार की आपण काय बोललो.

ज्यांच्या घरी बाबांच्या आठवणी आहेत त्यांनी इथे लिहा. चरित्रातल्या तारखा नको, त्या सगळीकडे मिळतात. हसण्याचं लिहा.

शिक्षक_मोर्शी :

धागा काढलात बरं झालं दादा. आमच्या शाळेत जयंतीला (२३ फेब्रुवारी) मुलांची भाषणं असतात, सगळी एका छापाची, "थोर समाजसुधारक संत गाडगेबाबा यांचा जन्म १८७६ साली शेंडगाव येथे झाला, त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर..." मुलांचे चेहरे बघवत नाहीत. मागे एकदा भाषणं बंद ठेवली आणि पाचवीच्या एका मुलाला कीर्तन करायला उभं केलं. फुटकं गाडगं डोक्यावर, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. नुसतं तो येऊन उभा राहिला तरी मुलं हसायला लागली. मग त्यानं विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या बापानं लग्नासाठी कर्ज काढलं? मागे पालक बसले होते. एकदम शांतता, आणि मग एक आजोबा मोठ्यानं हसले अन् म्हणाले "म्या काढलं ना बाप्पा!" त्यानंतर जी गंमत आली तशी आमच्या शाळेत कोणत्याच कार्यक्रमाला आली नव्हती.

तो वेशही मला विनोदाचाच भाग वाटतो. लोक कोणाला महाराज म्हणून मानतात ते कपड्यावरून आणि थाटावरून, आणि बाबांनी तो थाटच उलटा करून टाकला.

टाळकरी :

वेशावरून आठवलं. गावात कीर्तन ठरलेलं असायचं, पुढारी मंडळी हारतुरे घेऊन स्टेशनवर किंवा वेशीवर उभी, आणि बाबा दुसऱ्याच वाटेनं गावात शिरून गटारं उपसत बसलेले. कोणीतरी हाकलायचं सुद्धा, ए बाजूला हो, महाराज येणारेत! हा माणूस निमूट बाजूला होणार आणि संध्याकाळी तोच कीर्तनाला उभा. हे एका गावात नाही, कितीतरी गावांत घडल्याचं लोक सांगतात. विचार करा त्या हाकलणाऱ्याचं रात्री काय झालं असेल! आणि बाबा त्याला कीर्तनात नाव घेऊन लाजवत नसत, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

पाया पडायला कोणी आलं की काठी उगारायचे. गुरू नाही, चेला नाही, हे तर कीर्तनातच सांगून टाकायचे. नाहीतर आजकाल...जाऊ द्या, विषय भरकटेल.

बोलका पोपट :

सत्यनारायणाचं राहिलं की हो. साधुवाण्याची बुडालेली नाव प्रसादानं वर आली ना, मग लढाईत एवढी जहाजं समुद्रात बुडाली, जा तिथं पूजा घाला अन् काढा वर! दुसरं महायुद्ध नुकतंच होऊन गेलेलं, लोकांना जहाजं बुडाल्याच्या बातम्या माहीत, त्यामुळे ते बरोबर लागायचं. आमच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण असतो आणि माझी आजी पूजा झाल्यावर हीच गोष्ट सांगून स्वतःच खळखळून हसायची. पूजा काही सोडली नाही तिनं, पण कर्ज काढून पूजा कोणालाही करू दिली नाही, भावकीत सुद्धा.

अनामिका_८ :

वाचतेय. छान चाललाय धागा.

नदीपल्याड :

पाण्याची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून. नदीवर लोक पितरांना पाणी देत होते, तर बाबांनी पण ओंजळी भरून काठाकडे पाणी उडवायला सुरुवात केली. लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाले माझ्या वावराला पाणी देतोय. अहो वावर तिकडं लांब, इथलं पाणी तिथं कसं पोचेल? मग तुमचं पाणी स्वर्गात पोचतं तर माझं वावरात का नाही पोचणार? मला ही सगळ्यात आवडते.

पेढीकाठ :

नदीपल्याड, ही गोष्ट बाबांच्या नावानं गावोगाव सांगितली जाते हे खरंय. पण हुबेहूब हीच गोष्ट गुरू नानकांची म्हणूनही प्रसिद्ध आहे, हरिद्वारला गंगेत उभं राहून पंजाबातल्या शेताकडे पाणी उडवल्याची. नानक बाबांच्या चारशे वर्षं आधीचे. म्हणून मी ती मूळ पोस्टमध्ये घातली नाही. बाबांनी ती ऐकून कीर्तनात वापरली असेल, किंवा लोकांनी ती त्यांना चिकटवली असेल. मला दुसऱ्या शक्यतेतही आनंदच वाटतो, कारण लोक गोष्ट चिकटवतात ती जिथे शोभेल तिथेच. गंभीर तोंडाच्या एखाद्या महंताला ही गोष्ट कोणी चिकटवेल का?

पैठणकर_संभाजीनगर :

यामागे आपली मोठी परंपरा आहे हेही लिहायला हवं. नाथांचं भारूड घ्या. "सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला", ती बाई देवीला काय मागते, तर सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, नणंदेचं पोर किरकिर करतं त्याला खरूज होऊ दे. सोळाव्या शतकात एका संताने हे लिहिलं! आजही भारूड लागलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात, कारण मनातलं कोणीतरी चव्हाट्यावर बोलून दाखवलं. आणि तुकोबांचं "नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती", यावर तर वेगळं काही बोलायलाच नको. बाबा कीर्तनात तुकोबांचे अभंग घ्यायचे ते उगीच नाही. बाबा लिहायला-वाचायला शिकलेले नव्हते पण हे सगळं कानावरून गेलेलं आणि जिभेवर बसलेलं.

फरक मला एक दिसतो. नाथ स्वतः सोंग घेतात, विंचू चावलेला, जोशी, वासुदेव, आणि आपण बघत बसतो. बाबांच्या कीर्तनात सोंग नव्हतं, समोर बसलेल्या लोकांनाच ते कीर्तनात ओढायचे.

गोधडी :

मला एक विचारायचंय, आणि वाईट वाटून घेऊ नका कोणी. एवढं सगळं हसणं-हसवणं चालू असताना कुंताबाईंचं काय? नवरा १९०५ साली घर सोडून गेला, पदरात लहान लेकरं. पुढे बाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, पण बायको-मुलं ऋणमोचनला झोपडीत राहून मोलमजुरी करून खायची. लाखो लोकांना हसवणाऱ्या माणसाच्या घरात हसू होतं का? मला बाबांबद्दल आदर आहेच, पण हा प्रश्न आला की पुढे सरकता येत नाही.

शिक्षक_मोर्शी :

ताई, प्रश्न बरोबर आहे आणि याला गुळगुळीत उत्तर नाही. धर्मशाळेच्या पैशाला घरच्यांचा हात लागू दिला नाही ही बाबांची थोरवी म्हणून सांगितली जाते, त्याची किंमत कुंताबाईंनी मोजली. त्यांच्याविषयी आपण फार कमी लिहिलंय.

पेढीकाठ :

गोधडीताई, मीही यावर थांबतोच. एवढं मात्र सांगावंसं वाटतं की बाबा मजेत होते, त्यांना काही लागत नव्हतं, असा याचा अर्थ नाही. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली तेव्हा ते कोकणात कीर्तन करत होते. "मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" असं म्हणून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी बाप दारूनं गेला. मामाची जमीन सावकारानं घशात घातली, आणि हेच डेबूजी सावकाराच्या माणसांना शेतात आडवे गेले. म्हणजे कीर्तनात दारूवर आणि कर्जावर जो विनोद यायचा तो ऐकीव नव्हता. दारुड्याची नक्कल करणारे पुष्कळ असतात, पण ज्याचा बाप दारूनं मेला तो दारुड्यावर बोलताना लोक हसतात आणि हसता हसता रडतात, आणि बाबांच्या कीर्तनात हे दोन्ही व्हायचं असं ऐकलेली माणसं सांगतात.

पोरीच्या बारशाचा प्रसंग पण याच्याशी जोडलेला आहे. तेव्हा जातीच्या पंगतीत मटण-दारू हवीच अशी रीत, आणि डेबूजींनी वाढले काय, तर लाडू. जातवाले रागावले. तेव्हा ते कोणी महाराज नव्हते, साधे शेतकरी होते. तेव्हाही भाषण न देता सरळ ताटातच उत्तर वाढलं. पुढच्या आयुष्यातल्या बाबांची पद्धत मला तिथंच दिसते.

लीड्सची सायली :

सगळ्या प्रतिसादांना +१. इकडे असताना मला या विषयाची ओळख दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस्ती धर्मगुरू डेस्मंड टुटूंमुळे झाली. टुटू आणि दलाई लामा दोघं एकत्र बसले की शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांची खेचायचे. कॅमेरा चालू आहे, जरा साधुपुरुषासारखे वागा, असं टुटू दलाई लामांना सगळ्यांदेखत दटावायचे. एकाचा देश गेलेला, दुसऱ्यानं वर्णद्वेषाच्या काळात कितीतरी अंत्यविधी केलेले. २०११ ला टुटूंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दलाई लामांना दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेळेत मिळालाच नाही, मग २०१५ ला टुटूच धरमशालेला आले. तेव्हा माझ्या मनात सारखं यायचं की आपल्याकडे असं कोण होतं, आणि शोधता शोधता बाबांपर्यंत पोचले. माहेर पुण्याचं असून बाबा म्हणजे खराटा एवढंच मला माहीत होतं, याचं वाईट वाटलं.

एक प्रश्न, बाबांचा आवाज ऐकायला मिळतो का कुठे?

पेढीकाठ :

मिळतो सायलीताई! १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे जायच्या जेमतेम दीड महिना आधी, मुंबईत बांद्र्याला पोलिसांसमोर कीर्तन झालं होतं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. यूट्यूबवर मिळेल. हेडफोन लावून ऐका, कारण आवाज खरखरीत आहे आणि वऱ्हाडी बोली कानाला सवयीची नसेल तर सुरुवातीला काही शब्द सुटतात. वय ऐंशीचं, शरीर थकलेलं. पण वेग बघा! प्रश्न टाकला की उत्तर येईस्तोवरच थांबतात, उत्तर आलं की लगेच पुढचा. लोकांना विचार करून सावध उत्तर द्यायला वेळच देत नाहीत, त्यामुळे जे मनात असतं तेच बाहेर येतं. आणि रंगात आलं की मध्येच गोपाला गोपाला सुरू, सगळे टाळ्या वाजवतात, तेवढ्यात सगळ्यांचा श्वास परत येतो आणि पुढचा विषय निघतो. मी हे पुष्कळदा ऐकलंय आणि दर वेळी टाळ्यांची ती जागा आली की माझेही हात हलतात.

टाळकरी :

आत्र्यांनी लिहिलंय ना, सिंहाला पहावे वनात, हत्तीला पहावे रानात आणि गाडगेबाबांना पहावे कीर्तनात. हे ध्वनिमुद्रण ऐकलं की कळतं आत्रे काय म्हणत होते.

डोंबिवलीकर_७१ :

विषय चांगला आहे पण माझं थोडं वेगळं मत. लोकांच्या श्रद्धेची अशी भर सभेत टिंगल केलेली मला पटत नाही. बाबा मोठे होते म्हणून चालून गेलं. आज कोणी असं बोललं तर?

पैठणकर_संभाजीनगर :

डोंबिवलीकर साहेब, टिंगल आणि बाबांचं हसवणं यात मला फरक दिसतो. टिंगल करणारा लांब उभा असतो. बाबा वर्षानुवर्षं वारीला पंढरपुरात असायचे, चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन करायचे, वारकऱ्यांची घाण स्वतः उपसायचे, त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधायचे. देवळात दर्शनाला मात्र जायचे नाहीत. ज्या माणसाच्या पायाखालचा चिखल तुम्ही सकाळी खोऱ्यानं ओढून काढलाय, त्याला संध्याकाळी चार शब्द सुनावायचा हक्क तुम्ही कमावलेला असतो. आणि तो ऐकतोही. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी हेच झालं, आधी लोकांना नदीत उतरायला वाट करून दिली, मग बोलले.

डोंबिवलीकर_७१ :

हे पटतंय. सकाळच्या कामाचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. तरी मला वाटतं प्रत्येकाने बाबांची नक्कल करायला जाऊ नये.

पेढीकाठ :

त्यात आपलं एकमत आहे साहेब.

अनामिका_८ :

मी नुसतीच वाचत होते पण आता लिहिते. आईच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. टाटाला येणारे गावाकडचे पेशंट तिथे राहतात. खोल्या-खोल्यांतून सगळे सारखेच, कोणी नांदेडचं, कोणी बिहारचं. सगळ्यांना वाटेल तिथे उदास वातावरण असेल. तर नाही. संध्याकाळी केमो घेऊन आलेल्या बायका एकत्र बसून केस गेलेल्या डोक्यांवरून एकमेकींना अशा चिडवायच्या की माझी आई, जी घरी बोलायची बंद झाली होती, ती तिथे हसायला लागली. बाबांच्या दशसूत्रीत शेवटचं कलम आहे "दुःखी व निराशांना हिंमत". भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, हे सगळ्यांना आठवतं, हे शेवटचं कोणाला आठवत नाही. मला ते तिथे कळलं. आई नंतर चार चांगली वर्षं जगली.

गोधडी :

अनामिका, 🙏 खूप छान लिहिलंस गं. लिहीत जा.

बोलका पोपट :

शिक्षक_मोर्शी सर, तुमच्या त्या पाचवीच्या मुलाने जे कीर्तन केलं त्याची संहिता आहे का? आमच्या सोसायटीत मुलांकडून करून घ्यायचा विचार आहे.

शिक्षक_मोर्शी :

लिहिलेली संहिता नाही, मुद्दाम लिहिली नाही. मुलाला फक्त पाच-सहा प्रश्न दिले होते आणि सांगितलं होतं की उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहायचं, घाबरायचं नाही. शिक्षणावरचा प्रश्न नक्की घ्या. बाबा सांगायचे, ताट मोडलं तर हातावर भाकरी खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. आणि लगेच आंबेडकरांचं उदाहरण द्यायचे, की त्यांच्या बापाला सुबुद्धी सुचली, पोराला शाळेत घातलं, पोरानं देशाची घटना लिहिली. नुसतं सांगून थांबले नाहीत, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, १९४९ ला. शहरातल्या सोसायटीत प्रश्न बदला. सावकाराच्या जागी क्रेडिट कार्ड घाला, लुगड्याच्या जागी मोबाईल. गाडगं मात्र खरं मातीचं आणा, प्लास्टिकचं आणलं तर मुलं वेगळ्याच कारणानं हसतील. आणि त्या दिवशी सकाळी त्याच मुलांनी सोसायटीचा जिना झाडलेला असू द्या. व्यासपीठावर "गोपाला गोपाला" कोण उचलणार ते आधी ठरवून ठेवा, मोठी माणसं पहिल्यांदा लाजतात, दोन जण मागे बसवून ठेवले की सगळे म्हणतात. प्रश्न मी उद्या व्यक्तिगत निरोपानं पाठवतो.